वाणसामान आणि हप्ते

डंकन हॉल्रॉइडने शाळेतली नोकरी सोडली, तेव्हा त्याच्या आईने कपाळाला हात लावला आणि लिनेटला मात्र हायसं वाटलं. हॅलिफॅक्सच्या एका शाळेत तो आठ वर्षं भूगोल शिकवत होता. शेवटी शेवटी तर रविवारचं दुपारचं जेवण उरकलं की त्याचा चेहरा उतरायला लागे. ताटातली ग्रेव्ही निवून जाई आणि हा खिडकीबाहेर टेकडीकडे बघत बसलेला. सोमवार उजाडू नये असं वाटणाऱ्या माणसाबरोबर राहणं काय असतं, ते लिनेटला पुरतं कळून चुकलं होतं.

म्हणून त्याने लीड्सच्या त्या अभ्यासक्रमाचं नाव काढलं तेव्हा तिने आढेवेढे घेतले नाहीत. दुसऱ्या कुठल्याही विषयाची पदवी असली तरी चालते, वर्षभर मान मोडून वाचायचं, की माणूस वकिलीच्या वाटेला लागतो. तिथले लोक त्याला नुसतं 'कन्व्हर्जन' म्हणत. फी घसघशीत होती. लिनेट इस्पितळात कान तपासण्याच्या विभागात होती. फी मी भरते, म्हणाली, आणि बाजारपेठेतल्या एका चष्म्याच्या दुकानात शनिवारीही श्रवणयंत्रं बसवायला जाऊ लागली.

दोघांचं लग्न झालेलं नव्हतं. सात वर्षं एकत्र राहत होते आणि लग्नाला खर्च करण्याऐवजी घर घ्यावं, असं दोघांचंही मत होतं. घर त्याच उन्हाळ्यात, त्याची नोकरी सुटण्याआधी, घेतलं होतं. उतारावरच्या रांगेतलं दगडी घर, मागे हातभर अंगण. डंकनची आजी गेली, तिने ठेवलेल्या पैशांतून बरीचशी किंमत भागली आणि उरलेल्याचं कर्ज काढलं. लिनेटची नोकरी तेव्हा अजून कायम झालेली नव्हती. बँकेतला माणूस म्हणाला, एकाच्याच नावावर घ्या, काम लवकर होईल. तसं घेतलं. नाव काय, नंतर कधीही घालता येईल, असं डंकन म्हणाला आणि तिलाही तसंच वाटलं. हप्त्यातला अर्धा वाटा ती पहिल्या महिन्यापासून देत होती.

सप्टेंबरात अभ्यास सुरू झाला आणि डंकन घाबरला. कराराचा कायदा, गुन्ह्यांचा कायदा, जमिनीचा कायदा, एकामागून एक नुसता मारा. वर्गातली निम्मी मुलं बाविशीची, ताज्या डोक्याची. याने चौतिशी गाठलेली. वाचलेलं डोक्यात राहीना. मग लिनेटने कामावरून आल्यावर त्याचा अभ्यास घ्यायला सुरुवात केली. टोस्टवर बीन्स ओतून दोघं टेबलाशी बसत. ती खटल्याचं नाव वाची, तो निकाल सांगे. चुकला की ती चमच्याने टेबलावर टकटक करी. अडलेलं एखादं कलम ती त्याला भांडी घासता घासता समजावून सांगे, कारण दहादा वाचून तिलाच ते आधी कळलेलं असे. त्या दिवसांत ते दोघं फार हसले. पुढे सगळं कडू झालं तरी ते हसणं खोटं होतं असं तिला कधी म्हणता आलं नाही, आणि त्याचाच तिला जास्त त्रास झाला.

नाताळनंतर विश्वस्तांचा कायदा सुरू झाला. घर एकाच्या नावावर असलं तरी त्यात दुसऱ्याचा वाटा कधी धरायचा आणि कधी नाही, हा त्यातला मोठा भाग. त्यातले खटले बहुतेक बायकांचे. लग्न न करता माणसाबरोबर वर्षानुवर्षं राहिलेल्या. घर त्याच्या नावावर. हिने मुलं वाढवली, भिंती रंगवल्या, पडदे शिवले, किराणा भरला, आणि शेवटी कोर्टाने सांगितलं की बाई, घराच्या किमतीला तुम्ही थेट हातभार लावलेला नाही. वाटा मिळणार नाही. हप्ता भरला असता तर गोष्ट वेगळी होती.

"कसल्या खुळ्या बायका रे या," लिनेट म्हणाली. "एकीलाही विचारावंसं वाटलं नाही?"

डंकन हसला, पण तिच्याइतका नाही.

लिनेटची आई, ब्रेंडा, ब्रिगहाउसला राहायची. रविवारी ती आली तेव्हा लिनेटने तिला हे सगळं ऐकवलं. ब्रेंडाचा विश्वासच बसेना. इतकी वर्षं एकत्र राहिलं की कायद्याने बायकोच होते, हे अख्ख्या यॉर्कशरला माहीत आहे, असं तिचं म्हणणं. तसं काही नसतं आई, लोकांचा गैरसमज आहे, असं लिनेटने तिला ऐटीत समजावलं. मग डंकनकडे वळून थट्टेने म्हणाली, मग काय, करून टाकायचं का लग्न? परीक्षा होऊ दे, तो म्हणाला. ब्रेंडाने त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि चहाचा कप उचलला.

त्याच आठवड्यात डंकनने खर्चाची नवी वाटणी सुचवली. तू आधीच माझी फी भरतेस, वर हप्ताही भरतेस, मला लाज वाटते, तो म्हणाला. आजीचे थोडे पैसे शिल्लक आहेत, हप्ता मी त्यातून भरीन. तू फक्त वाणसामान, गॅस, वीज, असलं घरातलं बघ. एवढंच नाही, तर तिने आतापर्यंत दिलेला हप्त्यातला वाटाही त्याने परत केला. ती नको नको म्हणत असताना. तिने त्यातून एक जुनी गाडी घेतली, म्हणजे शनिवारी दुकानात बसने जायला नको. हा माणूस अडचणीत असतानाही आपला विचार करतो, असं तिने इस्पितळात दोघीतिघींना सांगितलं.

जूनमध्ये डंकन पहिल्या वर्गात पास झाला. लीड्सच्या एका मोठ्या फर्मने त्याला उमेदवारीला घेतलं आणि पुढच्या वर्षाची फीही भरली. लग्नाचं पुन्हा कोणी बोललं नाही. आधी पुढचा अभ्यास होता, मग उमेदवारी, मग उशिरापर्यंत चालणारी कामं. लिनेटने शनिवारचं दुकान सोडलं नाही, कारण मागच्या अंगणाची भिंत पडायला आली होती आणि ती तिच्या पगारातून बांधून झाली.

त्याच्याबरोबर शिकलेल्या एका मुलीचं लग्न पुढच्याच्या पुढच्या उन्हाळ्यात हॅरोगेटला होतं. मांडवात लिनेटच्या शेजारी फर्गस नावाचा त्यांच्याच वर्गातला एक जण बसला. तोंडाळ, पण मनाने बरा. दुसरा ग्लास संपल्यावर तो तिच्याकडे वळला.

"म्हणजे ती लिनेट तूच! तुझ्या नावाने आम्ही पबमध्ये ग्लास उचलले होते, माहितीये?"

तिला वाटलं, अभ्यास घेतला म्हणून. तीही हसली. फर्गस सांगत गेला. विश्वस्तांच्या तासाला त्यांच्या सरांनी गमतीने विचारलं होतं, तुमच्यापैकी कितीजणांच्या घराचा हप्ता तुमची मैत्रीण भरते? हात वर करा. डंकनने हात वर केला. सर म्हणाले, मग आज घरी जाऊन वाणसामान तिच्याकडे सोपवा आणि हप्ता स्वतःकडे घ्या. सगळा वर्ग हसला.

"आणि पुढच्या आठवड्यात हा पठ्ठ्या येऊन सांगतो, काम झालं म्हणून. वर म्हणे, मागचे पैसेसुद्धा परत केले, पाटी कोरी. अख्ख्या वर्गात कायदा फक्त यालाच कळला, असं सर म्हणाले." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून तो थांबला. "अगं, थट्टाच होती ती. तुला त्याने सांगितलं असेलच की."

"हो, सांगितलं होतं," लिनेट म्हणाली.

केक कापला, नाच झाला. डंकनबरोबर ती एक नाच नाचलीही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ओतताना तिने त्याला विचारलं.

त्याने नाकारलं नाही. नाकारलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला नंतर वाटायचं. शिकलेलं करून बघितलं, एवढंच, तो म्हणाला. तुला फसवायचं मनात असतं तर वर्गात बोललो असतो का?

"वर्गात बोललास. मला नाही बोललास."

"विषय तसाच मागे पडला, लिन."

"बरं. मग आता माझं नाव घाल."

त्याने कप खाली ठेवला. बँकेला विचारावं लागेल, कर्जाच्या ठरलेल्या व्याजदराची मुदत संपत आली आहे, नव्या कर्जाच्या वेळी एकदमच करू, असं त्याने फार शांतपणे सांगितलं. या आवाजात तो हल्ली फोनवर अशिलांशी बोलत असे. लिनेटच्या लक्षात आलं, की आपण याच्यासमोर याचक म्हणून उभ्या आहोत. आणि तिला हेही कळलं, की त्या क्षणी उठून आईकडे जायला हवं. ती गेली नाही. तिने टोस्टला लोणी लावलं. सहा वर्षांच्या सवयी असत्या तर कदाचित उठली असती. या जवळजवळ दहा वर्षांच्या होत्या, आणि तो वाईट माणूस आहे असं मानायला तिचं मन तयार नव्हतं. नव्या कर्जाची वेळ आली आणि गेली. तिने पुन्हा विचारलं नाही. त्यानेही विषय काढला नाही.

पुढच्या वर्षी वसंतात एका शनिवारी ती बटाटे सोलत होती तेव्हा डंकन आत आला आणि आपण आता थांबावं असं वाटतं, म्हणाला. दुसरी बाई नव्हती. तशी असती तर ब्रेंडाला निदान नावं ठेवायला कोणीतरी मिळालं असतं. त्याला फक्त वेगळं आयुष्य हवं होतं आणि त्या आयुष्यात लिनेट बसत नव्हती, कारण तो शिक्षक असतानाचा डंकन तिने पाहिला होता.

"तुला घाई नाही," तो म्हणाला. "नवीन जागा बघायला दोन महिने घे. कायद्याने इतकेही द्यावे लागत नाहीत, पण मला नीट वागायचंय."

"कायद्याने काय लागतं ते मला माहितीये, डंकन. मीच घेतला होता तुझा अभ्यास."

तिने सोललेले बटाटे पातेल्यात टाकले, गॅस लावला, आणि मग हे आपण कोणासाठी शिजवतोय, असं मनात येऊन गॅस बंद केला.

लग्न झालेलं असतं तर काडीमोड तरी झाला असता. कोर्टाने दोघांचं सगळं मांडून वाटलं असतं. इथे मोडायलाच काही नव्हतं. तरीही ब्रेंडाच्या हट्टाखातर ती हडर्सफील्डला एका वकीलबाईंकडे गेली. बाई वयस्क होत्या, उगीच आशा लावणाऱ्यातल्या नव्हत्या. फीबद्दल काही लेखी आहे का, त्यांनी विचारलं. नाही. घरात वाटा देईन असं तो कधी बोलला होता का? नंतर कधीही नाव घालता येईल, असं म्हणाला होता. कोणासमोर? कोणासमोरच नाही. भिंत बांधलीत म्हणता, त्याचं बघता येईल, पण तो भिंतीचे पैसे देऊन मोकळा होईल. कोर्टात भांडू शकता, अगदीच हरलेली बाजू नाही, पण समोरचा वकील आहे, त्याचा भांडायला खर्च होणार नाही आणि तुमचा सगळा जाईल.

"त्याने फार काळजीपूर्वक केलेलं दिसतंय," बाई म्हणाल्या.

"हुशार आहे तो," लिनेट म्हणाली, आणि तिच्या आवाजात जुना अभिमान कुठून आला ते तिचं तिलाच समजेना.

ती भांडली नाही. डंकनने न मागता भिंतीचे पैसे पाठवले. ती एका केशकर्तनाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायला गेली. ब्रेंडाने डंकनच्या आईशी रस्त्यात बोलणं सोडलं. त्या दोघींची त्याआधी चांगली मैत्री होती.

इस्पितळात तिच्या हाताखाली केझाया नावाची एक तरुण मुलगी होती. दोघी जेवायच्या सुट्टीत एकत्र सँडविच खात. हिवाळ्यात केझायाने सांगितलं, की तिच्या मित्राने एलंडला घर घेतलंय आणि ती तिथे राहायला जाणार. हप्त्याचं काय, लिनेटने विचारलं. तो त्याचं बघेल, मी बाकीचं बघीन, केझाया आनंदात म्हणाली.

लिनेटने सँडविच बाजूला ठेवलं आणि तिला सगळं सांगितलं. कायदाही सांगितला, स्वतःचंही सांगितलं. एक साधा कागद करून घ्या दोघांनी, सही करा, बस. आजच विचार त्याला.

केझाया दोन दिवस रजेवर होती. आली ती डोळे सुजवून.

"आमचं पहिल्यांदा भांडण झालं," ती म्हणाली. "तो म्हणतो, राहायला यायच्या आधीच तू निघून जायचा हिशेब करतेस. आणि लिन, खरं सांगू? बरोबर आहे त्याचं. मी विचारायलाच नको होतं. तुझ्या बाबतीत वाईट झालं, पण सगळेच तसे नसतात."

"तोही तसा नव्हता," लिनेट म्हणाली.

त्या दिवसापासून केझाया जेवायला दुसऱ्या मुलींच्या टेबलावर बसू लागली. लिनेटशी कामापुरतं गोड बोले. वसंत लागल्यावर विभागात केझायासाठी एक शुभेच्छापत्र फिरलं, वर दाराचं चित्र आणि किल्ली, सोबत वर्गणीचं पाकीट. सगळ्यांनी काहीबाही थट्टेचं लिहिलं होतं. लिनेटकडे ते सर्वांत शेवटी आलं. तिने बराच वेळ पेन हातात धरलं. मग 'नव्या घरात सुखात राहा' असं लिहिलं, खाली नाव घातलं, पाकिटात एक नोट सारली, आणि बाहेर कान तपासायला आलेल्या, वाट बघत बसलेल्या आजोबांना मोठ्याने हाक मारून आत बोलावलं.