पायडल न मारता

चढ संपून उतार लागला की टेलरबाई पायडल मारणं बंद करत. तिथून एकदाही पाय न हलवता थेट आपल्या दुकानाच्या दारात उतरायचं, हा त्यांचा रोजचा हट्ट. पण सायकल दोन दुकानं अलीकडे, चावीवाल्यापुढेच मान टाकायची.

"या ताई, कुलूप दाखवू?" तो रोज चिडवायचा.

आज नवऱ्याची स्कूटर बिघडली, म्हणून तो कुरकुरत मागे कॅरिअरवर बसला होता.

"अगं, लोक हसतील."

"हसू देत. पाय वर घ्या आणि गप्प बसा."

उतारावर सायकल अशी सुटली की वाऱ्यानं बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. चावीवाला आला आणि मागेही पडला. चपलांचं दुकान गेलं. सायकल रेंगाळत, डुगडुगत अगदी त्यांच्या दारात येऊन थांबली.

चावीवाला धावतच आला. "ताई, आज कसं काय जमलं?"

बाईंनी मागे बोट दाखवलं. "वजन!"

नवऱ्यानं ऐटीत पोटावरून हात फिरवला. "आणि रोज नावं ठेवतेस याला!"

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या. "स्कूटर राहू दे आठवडाभर गॅरेजमध्येच."