भुरीच्या डोळ्यातली आजी

टण्.

दुपारची निजानीज झाली होती. सासूबाई गेल्यापासून त्यांच्या खोलीत कुणी फिरकत नसे, आणि आवाज आला तो नेमका तिथून. हातातलं धुणं तसंच टाकून सून दारात गेली. भुरी मांजर पाण्याच्या वाटीला धडकली होती. पाणी सांडलं तरी ती हलली नव्हती, भिंतीकडे तोंड करून बसली होती. डावा डोळा लालभडक. मधोमध दुधाच्या थेंबाएवढा पांढरा डाग.

भुरी सासूबाईंची. त्या गेल्या तेव्हा घरात दुसरं कुणी नव्हतं. उशाशी भुरी तेवढी होती.

“हे साधं दुखणं नव्हे गं,” शेजारच्या शिंपीणकाकू म्हणाल्या. “थेंबबाबांकडे ने. ते डोळ्यात मंतरलेला थेंब टाकतात.”

थेंबबाबांच्या दारात मुंगी शिरायला जागा नव्हती. कुणी कुत्रं आणलेलं, कुणी कडेवरचं पोर, कुणी स्वतःचेच चिकटलेले डोळे. मखमली पडद्यापुढे बाबा बसले होते, हातात चांदीची झारी.

“डोळा म्हणजे खिडकी, बाई. शेवटचं जे पाहिलं, ते खिडकीत अडकतं. तुमच्या घरातलं कुणीतरी गेलंय.”

कुणी गेलेलं नाही असं घर दिवा घेऊन शोधलं तरी सापडायचं नाही, त्यामुळे बाबांचा नेम सहसा चुकत नसे. पण तिला सासूबाईच आठवल्या.

“म्हातारी आहे,” बाबा डागाकडे बघत म्हणाले. “अंबाडा दिसतोय.”

माणसं वाकवाकून बघू लागली. ज्याला त्याला अंबाडा दिसला. तिलाही दिसला.

बाबांनी फुंकर मारून थेंब टाकला. भुरी जिवाच्या आकांताने ओरडली, पण सुनेने तिला घट्ट धरून ठेवलं. निघताना बाबांनी एक कुपी दिली. “रोज घाला. डॉक्टरकडे मात्र नेऊ नका. आत बसलेल्याला औषध पोळतं.”

आणि दुसऱ्या सकाळी खरंच लाली गेलेली. भुरीने डोळा टक्क उघडला. काकूंनी गल्लीभर वर्दी दिली.

लाली गेली, पण डाग काही जाईना. उलट पसरत चालला. त्याच्या कडा विस्कटल्या, सुटलेल्या अंबाड्याच्या बटांसारख्या. ओट्याशी उभी असली की तो पांढरा डोळा तिला पाठीत रुतल्यासारखा वाटे. सासूबाई गेल्या त्या दिवशी बाजारात जाताना ती त्यांना ‘येते हो’ एवढंसुद्धा म्हणाली नव्हती. काहीतरी क्षुल्लक बिनसलं होतं. आता ते डोळ्यात बसून बघत होतं.

तिच्या लहानग्या लेकीला मात्र भीती नव्हती. ती भुरीपुढे मांडी घालून सांगे, “आजी, आज मी सगळं दूध प्यायले.”

लेकीला घेऊन ती पुन्हा बाबांकडे गेली, तर म्हणाले, “रागावल्यात. थेंब वाढवा.” तिने वाढवले.

एकदा लेक बाहुलीचा संसार मांडून बसली होती. ताटल्या म्हणून गुलाबी टोपणं.

“ही कुठून आणलीस गं?”

“थेंबबाबांच्या पडद्यामागून. बादली भरून आहेत.” लेकीने एक टोपण तळहातावर ठेवलं. “आजीच्या औषधाची आहेत ना?”

तिने टोपण ओळखलं. सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर थेंब ती घालायची आणि टोपण लेक सांभाळायची. ‘हे मनाने पुन्हा कुणाच्या डोळ्यात घालायचं नाही,’ असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं.

भुरीला टोपलीत घालून, लेकीला घेऊन ती तडक जनावरांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरबाईंनी डोळा बधिर केला, डागाचा कण खरवडून काचेवर घेतला, रंग लावला आणि सूक्ष्मदर्शक तिच्याकडे सरकवला. आत धागेच धागे. फाटे फुटलेले, गुंतलेले.

“बुरशी आहे,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “वाळकी काडी लागून ओरखडा पडला असेल, त्यात रुजली. मांजरांत क्वचितच दिसते.”

“पण लाली गेली होती. मी पाहिलं.” तिने कुपी आणि टोपण पुढे ठेवलं.

“जाणारच. हे गुलाबी टोपण म्हणजे स्टेरॉइडचं औषध, ते सूज दाबतं. म्हणजे घराचा पहारेकरी झोपवायचा आणि म्हणायचं, बघा, कसा आरडाओरडा थांबला. बुरशीला रान मोकळं. कुपी मी तपासायला पाठवते, पण डोळा आत्ताच सगळं सांगतोय.”

“आणि तो अंबाडा?”

“ढगात हत्ती दिसतो ना, तसा.” मग त्यांचा आवाज उतरला. “आधी आला असतात तर बुरशीच्या औषधाने डोळा वाचलाही असता. आता फुटायला आलाय. फार दुखतंय तिला. काढावा लागेल.”

भुरीला आणि लेकीला तिथे ठेवून ती बाबांच्या दारात गेली. रांगेत पहिल्याच शिंपीणकाकू, मांडीवर डोळे चोळणारा नातू. बाबांनी झारी उचलली होती.

“काकू, थांबा,” म्हणत तिने पडदा ओढला.

मागे बादली. लेबलं निघालेल्या रिकाम्या बाटल्या, गुलाबी टोपणं.

“औषध साधंच असतं,” बाबा गडबडीने म्हणाले. “त्यात शक्ती मी ओततो.”

“मग लेबलं का हो भिजवून काढलीत?” काकूंनी नातवाला पदराखाली घेत विचारलं.

बाबांनी झारी खाली ठेवली. ती गर्दीकडे वळली. “माझ्या मांजरीचा डोळा गेला, आणि तिला धरून मीच ठेवलं होतं. लाली गेली म्हणजे दुखणं गेलं असं नसतं. डोळ्यात काही घालण्याआधी ते काय आहे ते विचारा. जो सांगत नाही, त्याच्या हाती पोर देऊ नका.”

रांग विरत गेली. कुणी तिच्याकडे बघितलं नाही.

ती परतली तेव्हा दवाखान्यात बाकावर लेक टोपली कुशीत घेऊन भुरीच्या ऑपरेशनची वाट बघत बसली होती. आतून भुरीचा श्वास ऐकू येत होता.

“आई, आजी डोळ्यात नाहीये ना?”

“नाही गं राणी. ती बुरशी होती.”

लेकीने मान हलवली. मग टोपलीच्या फटीतून आत डोकावली.

“पण आजीला शेवटचं हिनेच बघितलं ना? मग डोळा काढला, की ते बघितलेलं कुठे जाईल?”