तिसरी सही

"ती नको," उशीवरचे डोके न उचलता जोसाया पार्डो म्हणाले. "दुसरं कुणी बघा."

टॅबिथा दारातच थांबली. हातात अजून मेण लावलेला दोरा होता. मेणबत्त्या करणारे शेजारी बेडोज यांनीच तिला खालच्या दुकानातून बोलावून आणले होते. मृत्युपत्राला तीन साक्षीदार लागतात. बेडोज होते, वकील क्रम्प होते. तिसऱ्या माणसाचा पाय सुजल्याने तो आला नव्हता.

"अहो, घरची सून आहे," बेडोज म्हणाले. "सही सुंदर करते."

"नको म्हटलं ना."

टॅबिथाचे कान तापले. नवरा तापाने गेल्यापासून ती सासऱ्याच्या शेजारी बसून खोगिरे शिवत होती. म्हाताऱ्याचे हात कापू लागल्यावर तर सगळी शिलाई तिचीच होती. लडलो गावच्या बाजारात मात्र ती खोगिरे अजून म्हाताऱ्या पार्डोंची म्हणूनच विकली जात होती. तिला मूल नव्हते. मृत्युपत्र झाले नाही तर कायद्याने घर आणि दुकान म्हाताऱ्याच्या पुतण्याचे.

तो पुतण्या, गिडियन, परवाच ब्रिस्टलहून दाखल झाला होता. काल त्याने दुकानाच्या भिंती वाजवून पाहिल्या होत्या.

"हॅटचं दुकान झकास चालेल इथं," तो म्हणाला होता. "हा घोड्याचा वास जायला वेळ लागेल, पण जाईल. तुम्ही काळजी करू नका, वहिनी. स्वयंपाकाला कुणीतरी लागेलच मला."

आता तोच जिना चढून आला.

"काय अडलंय, काका? मी करतो की सही."

क्रम्प यांनी तोंड उघडले. म्हाताऱ्याने त्यांच्याकडे पाहिले. क्रम्प यांनी तोंड मिटले आणि ते लेखणीचे टोक तपासू लागले.

"कर," म्हातारा म्हणाला. "पण आधी नीट बघून घे, मी शुद्धीवर आहे ना? उद्या कुणी म्हणायला नको, म्हातारा बरळत होता."

"छे, तुमच्याइतकं डोकं कुणाचं चालतं, काका?"

"ऐकलंत ना, क्रम्प?"

"ऐकलं."

म्हाताऱ्याने सही केली, कापरी पण पूर्ण. मग बेडोज, मग क्रम्प. गिडियनने शेवटी, मजकूर न वाचताच, ऐटीत सही ठोकली, खाली एक लांब वळणदार रेघ ओढली आणि बेडोजना घेऊन तो बिअर प्यायला खाली गेला.

टॅबिथाही वळली.

"टॅबी, दार लाव. आतून."

तिने कडी घातली. "बाबा, माझ्या सहीत काय वाईट होतं?"

"काही नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही. तू सही केली असतीस, तर दुकान तुला कसं दिलं असतं?"

तिने क्रम्पकडे पाहिले.

"राजेसाहेबांच्या आजोबांच्या वेळचा कायदा आहे," शाई सुकवायला वाळू भुरभुरत ते म्हणाले. "घर, दुकान, हत्यारं, सगळं तुमचं. तुमच्या दिरांना भांडायचं असेल, तर आधी स्वतःचीच साक्ष खोटी ठरवावी लागेल."

टॅबिथा पलंगाच्या पायथ्याशी बसली.

"मला आधी सांगायचं तरी."

"तुला? तुझं तोंड गावभर सांगत सुटलं असतं. न बोलता." म्हाताऱ्याने डोळे मिटले. "स्वयंपाकाला ठेवणार म्हणे. तुझा रस्सा खाल्ला नाही अजून त्यानं."

ती हसली, आणि हसता हसता तिने ॲप्रनने डोळे पुसले.

"खाली काय शिवत होतीस? आण बघू वर."

तिने अर्धे शिवलेले खोगीर आणून त्यांच्या मांडीवर ठेवले. त्यांनी अंगठा शिवणीवरून हळूहळू फिरवत नेला. शेवटाजवळ अंगठा थांबला.

"हा टाका सैल आहे."

"हाक मारली तेव्हाचा आहे तो."

"असेल. उसव."

खाली गिडियन बेडोजना कपाटे कुठे लावायची ते दाखवत होता. बेडोज मान डोलावत होते. टॅबिथा वरच, खिडकीपाशी तिवईवर बसली. आरीच्या टोकाने तिने तो टाका उसवला, दोऱ्याला पुन्हा मेण लावले आणि त्याच भोकातून घालून दोन्ही हातांनी घट्ट ओढला.