उपरण्याखालच्या गुदगुल्या

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात भिमाजीचा चेहरा प्रसिद्ध होता. देखणा होता म्हणून नव्हे, तर त्यावर काही म्हणजे काहीच उमटत नसे म्हणून.

हल्ली बरेच सौदे मोबाईलवर बोलून होतात, पण जुनी माणसं अजून जुनी रीत पाळतात. विकणाऱ्याच्या बाजूचा माणूस आणि घेणारा समोरासमोर उभे राहतात, दोघांच्या हातांवर उपरणं टाकलं जातं आणि त्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरतो. दोन बोटं धरली की दोन, सगळा पंजा आवळला की पाच. भोवती कितीही माणसं जमोत, आकडा कोणाला कळत नाही. कळलाच तर चेहऱ्यावरून. आणि भिमाजीचा चेहरा म्हणजे वेशीतला दगड. त्यामुळे शेजारपाजारची माणसं आपली जनावरं विकायला त्यालाच पुढं करत.

या दगडाला पाझर फोडला तो त्याच्या नातीनं. निकिता आठवीत होती आणि शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं घरी साबण केला होता.

"तात्या, तुमचे हात द्या."

"कशापायी? सोयरीक जमवतीस का माझी?"

निकितानं लालसर वडी पुढं केली. तिच्यात तपकिरी कण दिसत होते.

"साबनात वाळू पडली की गं तुझ्या."

"वाळू नाही, डाळिंबाच्या बिया आहेत. आपली तडकलेली डाळिंबं होती ना, त्यांच्या बिया वाळवून मिक्सरमधून जाडसर काढल्या. अंगावरची मेलेली कातडी घासून काढतात त्या."

"कातडी मेली? आन मला कुनी सांगितलं बी न्हाई?"

"तात्या! मला घरातले सगळ्यात खरखरीत हात पाहिजेत. आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो."

"तुझ्या आईचं हात घे की."

"आईच म्हणाली तुमचं नाव. तुम्ही लाडानं गालावरून हात फिरवला तरी ओरखडा उठतो म्हणे."

हे काही खोटं नव्हतं. जन्मभर दावी ओढून त्याच्या तळव्यांना घट्टे पडले होते. त्यानं हात पुढं केले. निकितानं फोटो काढला आणि नीट समजावलं, "आठवड्यातून दोनदाच. हळूहळू, गोल गोल फिरवायचं. जोर लावायचा नाही."

भिमाजीनं शहाण्या मुलासारखी मान डोलावली. पण नातीचं प्रदर्शन आहे आणि आपण आठवड्यातून दोनदा हळूहळू घासायचं, हे त्याच्या मनाला पटेना. पोळ्याला बैल कसा धुतात? घासून घासून! तो रोज सकाळ-संध्याकाळ कढत पाण्यात हात भिजवी आणि बैलाचं वशिंड घासावं तसा हात घासत बसे. निकिताला वाटे, आपला साबण भारीच झाला. महिन्याभरात दाव्याचे घट्टे गेले, भेगा गेल्या, बोटांची टोकं वासराच्या नाकपुडीसारखी गुलाबी झाली. चहाचा पेला धरताना चटका बसू लागला, म्हणून तो पेल्याला धोतराचा सोगा गुंडाळू लागला.

याच सुमारास शेजारची राहीबाई आली.

"भिमाभाऊ, चंद्रीला इकायची हाय. माझ्या गुडघ्यामुळं म्हशीचं काम झेपंना आता. तिच्या बदल्यात चार शेळ्या घीन म्हन्ते. पर दुभती म्हैस हाय, कवडीमोलानं जाऊ नगा देऊ."

"राहीबाई, भाव माझ्याकडं लागला. चार शेळ्या आन वर एखादं करडू आलं न्हाई तर मिशी उतरवीन."

बाजाराच्या दिवशी चंद्री शिंगांना तेल लावून उभी राहिली, शेजारी राहीबाई. गिऱ्हाईकही तोलामोलाचं आलं. शेवगावकडचा भागवत, म्हशींचा मोठा व्यापारी. बोलायला कमी आणि रागवायला पटकन तयार. त्यानं चंद्रीचे दात पाहिले, कास पाहिली, आणि हात पुढं केला. भिमाजीनं उपरणं टाकलं.

भागवतनं त्याची तीन बोटं धरली आणि दाबली.

भिमाजीच्या बोटांतून एक गुदगुली निघाली, ती मनगटावरून कोपरात, कोपरातून थेट काखेत गेली.

"खिक्!"

भागवतच्या भुवया वर गेल्या. हा दगड हसला? भाव इतका कमी वाटला याला? त्यानं बोटं बदलली आणि भाव थोडा वाढवला.

"हि हि हि!"

"भिमाजी, सौदा करतुयास का तमाशा?"

"सौदाच… हि हि… सौदाच करतुय. दाबू नगा जोरात."

"दाबायचं न्हाई तर भाव काय चिठ्ठीवर लिहू?"

माणसं गोळा झाली. दगड हसतोय ही बातमी कांद्याच्या वखारीपर्यंत गेली. भागवतनं तिसऱ्यांदा हात धरला, तेव्हा भिमाजी डोळ्यांतून पाणी काढत चंद्रीच्या अंगावर रेलला. भागवतनं चिडून उपरणं ओढलं आणि खाली बघतच राहिला.

"हे कुनाचं हात हायेत?"

"नव्या नवरीचं!" गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

"ह्या हातानं कधी दावं धरलं असंल व्हय?" भागवत म्हणाला. "असल्या मानसासंगं मी सौदा करत न्हाई."

तो वळला तशी राहीबाईनं चंद्रीचं दावं दोन्ही हातांनी घट्ट धरलं. तिचा पडलेला चेहरा पाहून भिमाजीचं हसू पळालं.

"भागवतराव, थांबा! नातीनं साबन केलाय, डाळिंबाच्या बियांचा. तिनं हळू घास म्हनून सांगितलं हुतं, मीच बैलावानी घासलं. चूक माझी हाय, म्हशीची न्हाई."

गर्दी पोट धरून हसली. भागवतच्या मिशीखालीही काहीतरी हललं. "मग भाव तोंडानं बोल."

भिमाजीनं गर्दीकडं पाहिलं. भाव तोंडानं बोलला की सगळ्या बाजाराला कळतो. मग भागवतनं नाही म्हटलं, तर पुढचं गिऱ्हाईक त्याच आकड्याच्या खालून सुरुवात करणार. तोंडानं बोललेला भाव खाली घसरतो, वर चढत नाही. त्यानं राहीबाईला म्हशीच्या आडोशाला नेलं.

"हात तुमी घाला."

"मी? बाईमानसानं?"

"म्हैस तुमची हाय. ह्ये बघा, एक बोट धरलं की… हि हि… एक. आता तुमी धरा… आई गं… आन समदा पंजा आवळला की… हि हि हि… पाच! ध्यानात आलं?"

"आलं. तुमी हसायचं थांबा आदी."

राहीबाई पदर खोचून पुढं आली. भागवतनं इकडं तिकडं पाहिलं. साऱ्या हयातीत त्यानं बाजारात परक्या बाईचा हात धरला नव्हता, आणि गर्दीत त्याच्या सासुरवाडीची दोन माणसं उभी होती. पण नाही म्हणायचं तर सगळ्यांदेखत माघार. त्यानं कानकोंडं होऊन हात पुढं केला. भिमाजीनं वरून उपरणं घातलं.

राहीबाईनं पंजा आवळला. वर्षानुवर्षं दोन्ही वेळा म्हैस पिळणारा हात तो.

"आक्का, लई हुतंय हे."

राहीबाईनं आणखी आवळला.

"आक्का… बोटं…"

"तुमी धरा की तुमचा आकडा. मी कुटं न्हाई म्हन्ते?"

"धरू कसा? हात तर सोडा!"

"ठरलं म्हना, सोडते."

भागवतच्या कपाळावर घाम आला. सासुरवाडीची माणसं माना उंचावून बघत होती.

"ठरलं, ठरलं!"

उपरणं निघालं. भागवतनं हात झटकला, बोटं मोजली, आणि दिलेला शब्द पाळत पैसे देऊन चंद्रीचं दावं हाती घेतलं. राहीबाईनं चंद्रीच्या पाठीवर थाप मारली, डोळे पुसले आणि लगेच शेळ्यांच्या बाजूला निघाली. भिमाजी उपरणं सावरत मागं मागं चालला.

बातमी त्यांच्याही आधी पोचली होती. शेळीवाल्या पोरानं राहीबाईला येताना पाहिलं आणि दोन्ही हात खिशात घातले.

"मावशी," तो म्हणाला, "आपन तोंडानंच बोलू."