नमुन्याबरहुकूम

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते काही खोटं नाही. वगीह पंपाच्या कंपनीत खरेदीखातं सांभाळून म्हातारा व्हायला आला होता. शुब्रा वस्तीच्या गल्ल्यांमध्ये रबराचे भाग दाबून काढणारे कारखाने हाकेच्या अंतरावर होते, तरी तेल अडवणारं एवढंसं सील समुद्रापलीकडून यायचं. मग डॉलर मिळेनात, माल बंदरात अडकला, आणि मोठे साहेब हाझिम यांना एकाएकी देश आठवला. "इथलंच घ्या," ते म्हणाले. "कोण आहे बरं काम करणारं?"

वगीह तफीदाकडे गेला. नवरा वारल्यावर तिने कारखाना एकटीने चालवला होता. सगळी गल्ली तिला मुअल्लिमा म्हणायची, मालकीण आणि उस्ताद दोन्ही एकाच शब्दात.

"या या, वगीह साहेब!" ती दारातूनच ओरडली. "बंदर तुंबलं तेव्हा बहीण आठवली होय? बसा. चहात साखर जास्त घातलीय, तुमचं तोंड कायम एरंडेल प्यायल्यासारखं."

"काम मोठंय, मुअल्लिमा. ही खेप पास झाली तर वर्षाचं काम तुमचं. पण नकाशा नाही. तो तिकडेच राहिला."

"नकाशा काय चाटायचाय? नमुना द्या. नमुना दिलात तर सैतानाचं शिंगसुद्धा काढून देईन."

शुब्र्यात असंच चालतं. वस्तू हातात ठेवायची, ते तिच्याबरहुकूम साचा कापतात. पण कोठारात नवं सील एकही उरलं नव्हतं. कोठारवाल्याने दुरुस्तीला आलेल्या जुन्या पंपातून एक उपसून दिलं. वगीहने ते साबणाने धुतलं, रुमालाने पुसलं आणि तफीदाला नेऊन दिलं. वर्षानुवर्षं डिझेलमध्ये भिजलेलं रबर फुगतं, त्याचं भोकही मोठं होतं, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. खरेदीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण त्या दिवशी त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं. नमुना तो नमुना, म्हणून तो मोकळा झाला.

तफीदाने हातातल्या बांगड्या विकून पोलादाचा साचा कापून घेतला. दोन यंत्रं आधीच बंद पडून होती. हे काम गेलं तर उरलेलीही भंगारात जाणार होती. हे तिने हसत हसत सांगितलं होतं.

सीलं आली आणि बसवली. सगळे पंप गळले.

हाझिम साहेबांनी तिला बोलावून घेतलं. एक सील बोटात अडकवून गरागरा फिरवत ते म्हणाले, "सैल! सगळी सैल! म्हणूनच लोक बाहेरून मागवतात, बाई."

"साहेब, केसाचाही फरक नाही," तफीदा म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "नमुन्याला लावून बघा. पहिल्या नगाला दोऱ्याने बांधून तो परत दिलाय मी वगीह साहेबांकडे. आणा हो साहेब, दाखवा यांना!"

सगळे वगीहकडे बघू लागले. नमुना पलीकडच्या खोलीत, त्याच्या टेबलाच्या खणात होता. उठायचं आणि आणायचा, एवढंच. आपली चूक म्हणायची, तिचा साचा थोडा बारीक करून घ्यायचा. फार तर निवृत्तीआधी चार शिव्या खाव्या लागल्या असत्या. आपल्याला लाज वाटेल, छाती धडधडेल म्हणून तो वाट बघत राहिला. काहीच झालं नाही. पंख्याची हवा तेवढी मानेला लागत होती.

"नमुना मिळत नाहीये," तो म्हणाला.

"बघा!" हाझिम साहेब म्हणाले. "वगीह, बाहेरच्यांना कळवा, थांबू आपण. बाई, तुमची खोकी घेऊन जा."

खोकी तफीदाने स्वतः उचलली. वगीहने दार उघडून धरलं. तेवढं त्याला जमलं.

संध्याकाळी तो घरी घेवड्याच्या दाण्यांची उसळ आणि भाकरी घेऊन बसला होता तेव्हा तिचा फोन आला. मागे झाडूचा आवाज येत होता.

"वगीह साहेब, आम्ही सगळा कारखाना उपसला. यंत्रांखाली बघितलं, कचऱ्याच्या गोण्या ओतून बघितल्या, पोरींचे हात काळे झाले. नाही सापडला. मी परत दिला असं मला शपथेवर वाटत होतं हो. पण हल्ली माझंही डोकं ठिकाणावर नसतं. मीच कुठेतरी टाकला असेन, आणि सगळ्यांसमोर तुमचं नाव घेतलं. तुम्हाला खाली बघायला लावलं. राग धरू नका माझ्यावर. मीच हरवला असेन, नाही का?"

वगीहने घास गिळला.

"असेल," तो म्हणाला.