बुढापाऱ्यातला ओकचा पिपा

मी एक जुना पिपा आहे, मित्रांनो. ओकच्या लाकडाचा, लोखंडी पट्ट्या ठोकलेला. सध्या मुक्काम बुढापारा, रायपूर. कीर्तनाला जसे पूर्वरंग आणि उत्तररंग असतात, तसे माझ्या आयुष्यालाही झाले.

पूर्वरंग स्पेनमधला. दुएरो नदीकाठी द्राक्षमळ्यांची एक नामांकित जहागीर आहे. तिथे पिढ्यान्‌पिढ्या वाईन बनते. कारागिराने माझ्या फळ्या विस्तवावर शेकून वाकवल्या आणि मला गार तळघरात नेऊन निजवलं. द्राक्षं हातांनी खुडून यायची, टाक्यांत आंबायची, मग तो रस माझ्या पोटात वर्षानुवर्षं मुरायचा. एका पिप्यातून दुसऱ्यात काढताना माणसं धारेमागे मेणबत्ती धरत. धारेत गाळ दिसला की थांबत. आता इथे निरांजन ओवाळताना पाहिलं की मला तोच उजेड आठवतो. एखाद्या वर्षी द्राक्षं मनासारखी पिकली नाहीत, तर मालक त्या वाईनला जहागिरीचं नावच देत नसत. केवढी ती नावाची चाड!

पिप्यातला रस हळूहळू उडतो. ती तूट भरण्याचं काम पुढे तिथे नोकरीला आलेल्या रायपूरच्या विहंगकडे आलं. भरताना तो विठ्ठलाचा गजर म्हणे. होय मित्रांनो, देवाचं ते नाव मी पहिल्यांदा त्या तळघरात ऐकलं.

मी म्हातारा झालो. विहंगच्या ओळखीने रायपुरातल्या शंकर नगरच्या एका हॉटेलात शोभेला आलो. लोक माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढत. मग हॉटेल बंद पडलं आणि विहंगच्या सांगण्यावरून हॉटेलवाल्यांनी मला त्याच्या बुढापाऱ्यातल्या घरी पोचवलं.

त्याचे वडील विनायकराव कीर्तनाचे मोठे वेडे. दर गुरुवारी त्यांच्या अंगणात कीर्तन ठरलेलं. मुलगा वाईनच्या कामाला लागला, तेव्हापासून त्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. मला पाहताच ते म्हणाले, "दारूचं भांडं आहे हे! नारदाच्या गादीजवळ नको मले."

विहंगची आई शारदाबाई म्हणाल्या, "पोट्ट्याशी अबोला धरला तो धरला, आता पिप्याशीही धरून राहिले काय जी?"

शेवटी असं ठरलं की मला आधी शुद्ध करायचं, मग सुतार दयारामकडून अर्धा कापून तुळशीसाठी कुंड्या करायच्या. विनायकरावांनी माझ्यावर गंगाजल शिंपडलं आणि मला अंगणात ढकललं. "वैशाखाचं ऊन लागलं का सारं पवित्र होते," म्हणाले. मनात वाईट काही नव्हतं. पण रायपूरचं ऊन ते! माझ्या फळ्या आक्रसल्या, पट्ट्या घसरल्या, भेगांतून आरपार दिसू लागलं.

दयाराम दुसऱ्या दिवशी यायचा होता. संध्याकाळी शारदाबाईंनी फोनवर स्पेनमधल्या विहंगला मला दाखवलं. तो ओरडलाच, "आई! धूप में काहून ठेवला? सूख गया तो मर जाएगा वो!"

"मग काय करू रे?"

"पाणी भर. पण हळू. मी इथं बाबांचा गजर म्हणत भरतो. एक गजर पूरा, तब तक एक बादली. बाबांच्याच चालीत."

विनायकराव मागेच उभे होते. त्यांनी बादली उचलली. ओठांत गजर, हातात धार. पाणी भेगांतून सारं वाहून गेलं. त्यांनी दुसरी बादली ओतली. तीही गेली. फोनमधून विहंगने सूर मिळवला, तसा त्यांचा हात थांबला.

"अरे, चाल चढवून काहून राहिला? खाली घे."

एवढ्या वर्षांनंतरचं हे पहिलं वाक्य! "हो बाबा," विहंग म्हणाला आणि मग त्याला पुढचं गाताच येईना. विनायकरावांनीच त्याचा गजर पूर्ण केला.

रात्री उशिरापर्यंत बादल्या ओतणं चालूच राहिलं. सकाळपर्यंत माझ्या फळ्या फुगून एकमेकींना बिलगल्या होत्या. दयाराम आरी घेऊन आला, तर विनायकराव म्हणाले, "कापायचं नाही. पट्ट्या ठोकून दे. अन् चहा घेऊन जा."

"हव भैया," दयाराम हसला.

आता गुरुवारी कीर्तनाला येणारी मंडळी माझ्यातल्या पाण्याने पाय धुतात. एके काळी मी बड्यांच्या मेजांसाठी रस मुरवला, पण असा मान तेव्हाही नव्हता.

मित्रांनो, जुनं भांडं उन्हात टाकू नका. आणि घरात कुणाशी अबोला असेल, तर ओतायला लागा. पहिली बादली वाहूनच जाते. म्हणून हात आखडू नका.