अनोळखी किल्ली

आधी किल्लीची नक्कल सर्व्हरला द्यायची, मगच सेव्ह दाबायचं. ऑफिसात नव्याने आलेल्या प्रत्येकाचं मी या एका गोष्टीवरून डोकं खाल्लंय. त्या दुपारी मीच नेमकं उलटं केलं.

आईबाबा राहतात तिथून परदेशी फोन लागत नाहीत, कॉलची ॲप्सही बंद केलेली. म्हणून आईच्या मोबाइलवर मी व्हीपीएनचं ॲप घालून दिलं होतं. त्या चोरवाटेने, माझ्या इथल्या सर्व्हरमार्फत, आम्ही रोज बोलायचो. मोबाइलातली किल्ली, म्हणजे एक लांबलचक सांकेतिक अक्षरमाळ, ओळखीची असली तरच सर्व्हर आत घेतो. माझा पासपोर्ट इथल्या कचेरीत तीन महिने धूळ खात पडलेला. त्यामुळे बाबांचं आजारपण मी तळहाताएवढ्या पडद्यावरच बघत होतो. डॉक्टरांनी आता हात टेकले होते.

"आजच बोलून घे रे," आई म्हणाली. "सकाळपासून तुझाच धोशा लावलाय त्यांनी."

आवाज सारखा तुटत होता. मला कुठून दुर्बुद्धी सुचली देव जाणे! "थांब, नीट करतो," म्हणालो. इथूनच तिचा मोबाइल ताब्यात घेतला, ॲपमध्ये नवी किल्ली बनवली आणि सवयीने सेव्ह दाबलं. माझ्या सर्व्हरला ती किल्ली अजून ठाऊकच नव्हती आणि जुनी तर पुसली गेली. ज्या वाटेने मी तिच्या मोबाइलात शिरलो होतो, तीच मी बंद करून बसलो.

सर्व्हरच्या नोंदीत दर पाच सेकंदांनी एक ओळ उमटू लागली. अनोळखी किल्ली, प्रवेश नाकारला. पुन्हा तेच. आईचा मोबाइल दार ठोठावत होता आणि दार मीच लावलेलं होतं. 

याच चुकीवरून मागच्या महिन्यात ऑफिसातल्या एका मुलीला मी चारचौघांत झापलं होतं. झक मारत तिलाच फोन केला.

"सर, त्या ठोठावण्यातूनच किल्ली शोधून काढता येते," ती म्हणाली. "वेळ लागेल. तोवर तुम्ही कशालाही हात लावू नका."

एक टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. तिने तेवढंही केलं नाही.

तीन तास लागले. तेवढा वेळ मी हात बांधून त्या ओळी बघत होतो. शेवटी किल्ली सापडली, तिने ती सर्व्हरला दिली, आणि मी कॉल लावला. चित्र नव्हतं, नुसता आवाज.

"आई! बाबांना दे आधी."

मी आवाज पूर्ण वाढवला.

"आई?"

"तासाभरापूर्वी गेले रे," ती म्हणाली. "मी आपली त्यांना सांगत होते, लागतोय, आत्ता लागेल. फोन अजून त्यांच्या कानाशीच धरलाय. बोल तू."